‘गारवा’ आणि नागपूरचा उन्हाळा

सौमित्र या नावाने कविता लिहिणारे अभिनेते किशोर कदम आणि गायक-संगीतकार मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ हा अल्बम १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला, तेव्हा चित्रपटाचा आधार नसलेली मराठी पॉप गाणी कॅसेटवरून घरोघर पोहोचत होती. त्यातला पाऊस उघडच प्रेमाचा आहे. मात्र शीर्षकगीताआधी सौमित्र यांच्या आवाजात येणारी कविता उन्हापासून सुरू होते, आणि ज्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथल्या श्रोत्याला त्या सुरुवातीसाठी कल्पनाशक्ती लागत नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ होरपळणारे दिवस, सरले आणि मृग लागला, तरी तिथे मोसमी पाऊस बहुधा जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहायला लावतो. त्यामुळे कूलरच्या घरघरीत ऐकलेल्या या गाण्यांत प्रेयसीच्या आधी सुटकेची चाहूल लागते.

पहिला अर्थ हवामानाने दिला, दुसरा स्थलांतराने. शिक्षण-नोकरीसाठी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्या किंवा पुण्यात स्थिरावणाऱ्या तरुणाला तिथे पाऊस भरपूर मिळतो, पण त्यामागचा तो उन्हाळा मिळत नाही. मग प्रेमगीत म्हणून घेतलेला अल्बम आईवडिलांच्या घराचा होऊन बसतो, आणि हे कवी-संगीतकारांनी योजलेले नसते, यातच त्याचे मोल आहे. स्वतःच्या आयुष्यातील प्रसंगांच्या आठवणींना मानसशास्त्रात आत्मचरित्रात्मक स्मृती म्हणतात. पौगंडावस्थेपासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या अशा आठवणी पुढील वयात तुलनेने अधिक प्रमाणात टिकतात, आणि अल्बमची पारायणे होण्याचे वयही नेमके तेच असते.

सुट्या गाण्यापेक्षा अल्बमची पकड घट्ट असते ती क्रमामुळे. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परिचित अल्बममधील एक गाणे संपल्यानंतरच्या शांततेतही, पुढील गाण्याच्या अपेक्षेने श्रोत्यांच्या मेंदूतील हालचालींचे नियोजन करणारे भाग सक्रिय झालेले आढळले. कॅसेटमध्ये हा क्रम सहसा मोडला जात नसे, कारण नको असलेले गाणे ओलांडण्यापेक्षा ते ऐकून घेणे सोपे होते, आणि पहिली बाजू संपली की कॅसेट उलटवून दुसरी लावली जाई. मोबाइलवर गाणी उलटसुलट क्रमाने वाजतात. तरीही जुन्या श्रोत्याच्या मनात, एक गाणे संपताच, कॅसेटवरचे पुढचे गाणे सुरू झालेले असते.