वकिलाचा बस्ता क्लाउडवर जातो तेव्हा

दाव्याची निम्मी फाईल केव्हाच संगणकावर गेली आहे. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात असो की तुळजापूर, कळंब, परंड्याच्या, प्रत्येक प्रकरणाला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो मोबाईलमध्ये टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश समोर येतात. 2023 साली ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने 7,210 कोटी रुपये मंजूर केले. त्यातले 1,205 कोटी क्लाउडसाठी आहेत.

उरलेली निम्मी फाईल मात्र वकिलाकडेच असते. पक्षकाराने आणून दिलेलं खरेदीखत, फेरफाराच्या नकला, कैफियतीचे कच्चे मसुदे, फोनवरचे फोटो. काही कपाटातल्या बस्त्यात, काही कारकुनाच्या संगणकात, काही पेनड्राइव्हवर. आता हेही क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतल्या भाड्याच्या संगणकांवर, जाऊ लागलं आहे.

हे संगणक मुंबई, पुणे, हैदराबादेत असतात. अंतराची अडचण नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, त्यामुळे धाराशिव ते मुंबई हे 400 किलोमीटर कापायला त्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. खोळंबा होतो तो फाईलच्या वजनाने. ए-फोर आकाराचं पान 300 डीपीआयला स्कॅन केलं की सुमारे 87 लाख ठिपके तयार होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला 3 बाइट, म्हणजे आवळण्याआधी एका पानाचे 26 एमबी. काळ्या-पांढऱ्यात ठिपक्याला एकच बिट लागतो. तेच पान 1 एमबीच्या आसपास भरतं आणि आवळलं की बऱ्याचदा 100 केबीच्या आत येतं. म्हणून टंकलिखित पानं काळ्या-पांढऱ्यात घ्यावीत. रंग राखून ठेवावा तो शिक्के, अंगठे आणि जुन्या दस्तांसाठी. एकेकाळी निजामाच्या अमलाखाली असलेल्या या जिल्ह्यात मोडी आणि उर्दू कागद घरोघरी निघतात. त्यातला मजकूर नेहमीच्या सॉफ्टवेअरला शोधता येत नाही, जाणकारानेच वाचावा लागतो. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली ती त्यामुळेच.

पण एवढा खटाटोप कशासाठी? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूरबरोबर या जिल्ह्यातली लोहारा-उमरगा भागातली गावंही कोसळली. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूमच्या गावांत पुराचं पाणी शिरलं. इथे संभाव्यतेचं गणित कामाला येतं. समजा, एक प्रत वर्षभरात नष्ट होण्याची शक्यता शंभरात एक आहे. तीन प्रती असतील तर तिन्ही एकदम जाण्याची शक्यता दहा लाखांत एक. अट एवढीच की त्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एकाच गावातल्या तीन घरांत ठेवलेल्या तीन प्रती भूकंपापुढे एकच प्रत ठरतात. क्लाउड कंपन्या एका फाईलच्या अनेक प्रती ठेवतात आणि वीज, इमारत, कधी शहरही वेगळं राखतात. त्यांच्या सुरक्षिततेचं मर्म या स्वातंत्र्यात आहे.

इथेच एक चकवा आहे. कार्यालयातलं फोल्डर आणि क्लाउड आपोआप जुळवून ठेवणारी सोय म्हणजे सिंक. कारकुनाने चुकून फाईल पुसली तर ती क्लाउडवरूनही पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने फाईल कुलूपबंद केली, तर तीच बिघडलेली फाईल वर जाते. जागा वेगळ्या असल्या तरी हुकूम एकाचाच चालतो, म्हणजे प्रती स्वतंत्र नाहीत. त्यासाठी जुन्या आवृत्त्या ठरावीक मुदतीपर्यंत पुसताच येणार नाहीत अशी सोय लागते, आणि एक प्रत जाळ्याबाहेरच्या हार्ड डिस्कवर.

प्रती अनेक झाल्या की प्रश्न येतो, ही तीच फाईल कशावरून? उत्तर हॅशमध्ये आहे. एसएचए-256 ही गणिती रीत कितीही मोठ्या फाईलमधून 64 चिन्हांची ओळ काढते, तोच हॅश. दस्तात गट क्रमांक 112 चा 113 केला तर ही ओळ संपूर्ण बदलते. ओळीवरून फाईल मात्र पुन्हा उभी करता येत नाही. कोर्टातही याला महत्त्व आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: मूळ यंत्रच हजर केलेलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार त्या प्रमाणपत्रात हॅशही नोंदवावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो आवळून पाठवतं, त्यामुळे पक्षकाराच्या फोनमधल्या मूळ फोटोचा आणि वकिलाला मिळालेल्या फोटोचा हॅश जुळत नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा आणि हाती पडताच हॅश लिहून ठेवावा.

राहिला प्रश्न गोपनीयतेचा. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही, असं साक्ष्य अधिनियमाचंच कलम 132 सांगतं. क्लाउडवरची फाईल कूटबद्ध असते, पण बहुतेक वेळा ती उघडण्याची किल्ली कंपनीकडेच असते. नाजूक कागद वर चढवण्याआधी आपल्या किल्लीने कूटबद्ध करता येतात. मग कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. मात्र ती किल्ली हरवली तर साऱ्या प्रती एकदम निकामी होतात. म्हणजे स्वतंत्र प्रतींचा नियम किल्लीलाही लागू.

म्हणून सेवा घेताना विक्रेत्याला किती जीबी मिळतील एवढंच विचारून भागणार नाही. एक जुनी फाईल निवडावी, तिचा हॅश नोंदवावा, ती मुद्दाम पुसावी आणि परत मागावी. आलेल्या फाईलचा हॅश जुळला, तरच कपाट रिकामं करण्याचा विचार करावा. तेव्हाही मूळ खरेदीखत कपाटातच राहू द्यावं.