चारशे व्होल्टचा फटका खाल्लेला मल्टीमीटर

बीड जिल्ह्यात मल्टीमीटर जातो तो बहुधा स्टार्टरच्या पेटीपुढे. शेतीची लाइट रात्री आलेली, मोटार उचलत नाही, बॅटरीच्या उजेडात कुणीतरी फेज तपासतं. नॉब मात्र मघाशी वाइंडिंग मोजली तेव्हाच्या ओहमवरच. दोन फेजमध्ये दाब चारशेच्या वर. चट्ट आवाज होतो आणि मीटर बंद पडतो. बंद पडला तर बरंच म्हणायचं, कारण कधीकधी तो आकडे दाखवत राहतो.

गेवराई काय, माजलगाव काय, हाताशी असतो तो डीटी-830 जातीचा स्वस्त मीटर. त्याचंच सांगतो.

उघडण्याआधी वायरी बघा. नॉब 200 ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. आकडा एका ओहमच्या आसपास किंवा खाली यायला हवा. मुठीपाशी वायर वाकवताना डावीकडे नुसता 1 उमटला, तर वायर आतून तुटली आहे. मग 9 व्होल्टची बॅटरी. ती फार उतरली की मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि माणूस महावितरणला नावं ठेवतो.

आता प्रोब काढा, बॅटरी काढा, मागचे स्क्रू सोडवा. फ्यूज गेला असेल तर मिलिअँपिअर मोजलं जात नाही. त्यावर लिहिलेल्याच क्षमतेचा नवा बसवा; डीपीवरच्या किटकॅटमध्ये घालतो तशी तार इथे घालू नका. 10 अँपिअरच्या भोकाला स्वस्त मीटरमध्ये फ्यूज नसतोच, तिथे प्रोब ठेवून व्होल्ट मोजू गेलात तर सरळ शॉर्ट होतो. नॉब उचलायचा असेल तर परातीत उचला, त्याखालचे बारीक छर्रे उडतात. पट्ट्यांवरची धूळ आयसोप्रोपाइलने पुसा. पॉलिशपेपर घासलात तर मुलामा निघून जाईल.

खरी गोम रेझिस्टरच्या साखळीत आहे. 900 किलोओहम, 90 किलो, 9 किलो, 900 आणि 100 ओहम अशी ती उतरत जाते, सगळी मिळून 10 लाख ओहम. व्होल्ट मोजताना हीच साखळी दाबाचे तुकडे करते आणि ओहम मोजताना हीच तुलनेला वापरली जाते. म्हणून ओहमवर बसलेला फटका व्होल्टचे आकडे बिघडवतो. समजा, खालचा 100 ओहमचा भाजून 200 झाला. 9 व्होल्टची बॅटरी 20 च्या रेंजवर 9.09 दिसेल, 200 च्या रेंजवर 9.9, आणि स्टार्टरवर लागणाऱ्या 750 च्या रेंजवर दाब थेट दुप्पट. एकच बॅटरी दोन रेंजवर मोजून जुळत नसेल, तर साखळीवर संशय घ्या. उलट वरचा 900 किलोचा तुटला तर जिवंत वायरवरही शून्य येतं. माणूस दगावतो तो या शून्यावर विश्वास ठेवून.

संशयित रेझिस्टरचा एक पाय सोल्डर सोडवून उचला, दुसऱ्या चांगल्या मीटरने मोजा, एक टक्का अचूकतेचाच नवा लावा. आतल्या छोट्या प्रीसेटला सगळ्यात शेवटी हात लावा, तोही चांगल्या मीटरशी ताडून. नवी बॅटरी घालूनही पडदा कोराच राहिला, तर काळ्या थेंबाखालची चिप गेली असण्याचीच शक्यता जास्त. त्यावर वेळ घालवू नका, दोन-तीनशे रुपयांत नवा मिळतो.

दुरुस्त झालेला असा मीटर ट्रॅक्टरच्या बॅटरीला किंवा चार्जरला वापरा. स्टार्टरसाठी दोन्ही भोकांना फ्यूज असलेला, कॅट-3 600 व्होल्टचा, नावाजलेल्या कंपनीचा मीटर घ्या. आणि तोही आधी चालू सॉकेटवर तपासा, मग स्टार्टरवर लावा, मग पुन्हा सॉकेटवर.