रोडग्याला लेखक हवा

बुलढाणा जिल्ह्याच्या खात्यावर साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार जमा आहेत. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांना १९८६ साली ‘खूणगाठी’साठी, तर अमडापूरचे सदानंद देशमुख यांना २००४ साली ‘बारोमास’ या कादंबरीसाठी. पहिला मान कवितेला, दुसरा कोरडवाहू शेतकऱ्याच्या कहाणीला. त्याच शेतकऱ्याच्या चुलीवर काय शिजतं हे कुणी उत्तम लिहिलं, तर त्यालाही असा मान मिळेल?

ब्रिटनमध्ये आंद्रे सिमाँ यांच्या नावाचे पुरस्कार १९७८पासून खाण्यापिण्यावरच्या पुस्तकांनाच दिले जातात. अमेरिकेतला जेम्स बिअर्ड पुरस्कार पाककृतींच्या लेखिका मधुर जाफरींना एकाहून अधिक वेळा मिळाला आहे.

मराठीतही या लेखनाची परंपरा भक्कम आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगले यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नवशिक्यांची धास्ती घालवली, पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या. दुर्गा भागवतांनी ‘खमंग’ लिहिलं, पण अकादमीनं १९७१ साली गौरवलं ते त्यांच्या ‘पैस’ला. पाककृतींचं पुस्तक घरोघरी पोचतं, साहित्याच्या मांडवात मात्र त्याला क्वचितच पाट मिळतो.

खरं तर हे लिहिणं सोपं नाही. वऱ्हाडातले रोडगेच घ्या. जाडसर कणीक घट्ट मळायची, लहान पोळ्या लाटून तेल लावून एकावर एक रचायच्या, मोठ्या पोळीत गुंडाळून तोंड बंद करायचं. गोवऱ्या पेटवायच्या, धूर ओसरून लाल आर झाला की गोळे त्यात सोडायचे. राख झटकून फोडले की आत पापुद्रे सुटलेले दिसतात. वर तूप, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. पीठ वाटीनं मोजता येईल, आराचा अंदाज कसा मोजणार? केव्हा उलटायचं, हे करणाऱ्याची नजर आणि हात ठरवतात. ते शब्दांत पकडायला लेखकच लागतो. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला नवस बोलते तो रोडग्याचाच. म्हणजे साहित्यात त्याची वर्दी कधीच लागली आहे, कृती तेवढी तितक्या ताकदीनं यायला हवी.

त्या मानानं बुलढाण्यातल्याच शेगावची कचोरी नशीबवान. फाळणीनंतर इकडे आलेल्या तीरथराम शर्मांनी ती रेल्वे स्टेशनवर विकायला सुरुवात केली आणि गाड्यांमधल्या प्रवाशांनी तिचं नाव दूरवर नेलं. आरातून काढून गरमच खायच्या रोडग्याला असं गाडीत बसून गाव सोडता येत नाही.

त्याला बाहेर नेईल ते लेखनच. अशा लेखनाचा एक नमुना शेजारच्या मराठवाड्यातून आला आहे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली प्रसिद्ध झालं. महार आणि मांग घरांतलं जेवण, चान्यांसारखे (वाळवलेल्या मांसाचे) पदार्थ आणि ते तसेच का शिजले, यामागचं जातीचं गणित त्यांनी पाककृतींसोबत मांडलं. २०२४ साली भूषण कोरगावकरांच्या अनुवादातून ते इंग्रजीतही गेलं.

या वाटेनं जाणाऱ्याला बुलढाण्यात विषयांचा तोटा नाही: कळण्याची भाकर, पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, गजानन महाराजांच्या भक्तांकडे नैवेद्याला होणारं पिठलं-भाकर आणि अंबाडीची भाजी.