नाव ठेवावे, म्हणजे नावे ठेवावी लागत नाहीत

मराठीत नाव ठेवणे वेगळे आणि नावे ठेवणे वेगळे. संगणकाच्या आज्ञावलीत मात्र पहिले काम नीट झाले नाही, तर दुसरे ओढवतेच.

संगणक आकडे आपल्या स्मरणातल्या कप्प्यांत ठेवतो. प्रत्येक कप्प्याला नाव द्यायचे आणि आत पूर्णांक राहणार की दशांश, हे आधी जाहीर करायचे. स्वयंपाकघरात डब्यावर ‘साखर’, ‘मीठ’ अशी चिठ्ठी लावतो ना, तसेच.

१९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या चमूने तयार केलेली फोरट्रान भाषा वापरात आली. अभियांत्रिकीला असताना आम्ही तीच शिकलो. तिथे चिठ्ठीची सक्ती नव्हती. नावाचे पहिले अक्षर आय ते एन यांपैकी असेल तर पूर्णांक, नाहीतर दशांश! गणितात मोजणीसाठी आय, जे, के, एन ही अक्षरे वापरतात. सोय त्याच वळणाची. फोरट्रानमध्ये दशांशाला ‘रिअल’ म्हणतात. म्हणून विनोद असा, की ‘गॉड’ची सुरुवात जीने होत असल्यामुळे देव ‘रिअल’च आहे, कोणी त्याला पूर्णांक जाहीर करेपर्यंत!

पण ‘लोड’ म्हणजे भार घ्या. पुलाच्या हिशेबात १२.७ टन भार या नावाच्या कप्प्यात घातला, की उरतात १२. एल अक्षर पूर्णांकांचे ना! ०.७ टन गुपचूप गळतो आणि यंत्र चकार शब्द काढत नाही. म्हणून जुन्या आज्ञावल्यांत ‘एक्सलोड’सारखी चमत्कारिक नावे भेटतात. तो एक्स म्हणजे दशांशाला दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट.

स्पेलिंगमधले एक अक्षर चुकले, तर यंत्र नवा कप्पाच उघडते. बेरीज एकीकडे साठते, उत्तर दुसरीकडून छापले जाते. पुढे फोरट्रान ९० या आवृत्तीत ‘इम्प्लिसिट नन’ ही आज्ञा प्रमाण ठरली. ती लिहिली, की जाहीर न केलेले नाव चालत नाही.

तरी ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ हा प्रकार कोणती आज्ञा थांबवणार? ‘एकूण’ नावाच्या कप्प्यात सरासरी ठेवली, तरी यंत्राला त्याचे काही नाही. नावाचा अर्थ त्याला कळतच नाही. तो माणसासाठी असतो. निवृत्त झालेल्यांच्या आज्ञावल्या मी अनेकदा वाचल्या आहेत. लिहिणारा विचारायला हाताशी नसतो. त्याने ठेवलेली नावेच तेवढी बोलतात, आणि पुलावरून माणसे तर रोज जात असतात.