पटावर एकवीस, सतरंजीवर सहा

"डॉक्टरसाहेब, याला एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या. काही केल्या अंगच धरत नाही."

टॉनिकची मागणी आमच्या धंद्यात नवी नाही. दिवसाकाठी दोन-चार आया तरी ती करतात. पण त्या दिवशी आलेल्या चार वर्षांच्या मुलाकडे पाहून मी पेन खाली ठेवले. अंगावर नर्सरीचा गणवेश, गळ्यात इलॅस्टिकचा टाय, पायात चकचकीत बूट. आणि पापणी खाली ओढून पाहिली तर आत गुलाबी रंगाचा पत्ता नाही. काट्यावर उभे केले. वजन भरले बारा किलो. दंडाला फीत लावली, घेर साडेबारा सेंटीमीटरच्या जेमतेम वर.

"याचं लसीकरणाचं कार्ड आहे का गं? वजनाचा तक्ता?"

तिने पिशवीतून घडी पडलेले कार्ड काढले. त्यावरची शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती. वजन अकरा किलो सहाशे ग्रॅम. म्हणजे चौदा महिन्यांत हे पोर फक्त चारशे ग्रॅमने वाढले होते. या वयात वर्षाला साधारण दोन किलो वाढ व्हायला हवी.

"मग त्यानंतर वजन नाही केलं?"

"अंगणवाडीतून काढला ना त्याला. नर्सरीत घातला. तिथं वजन कुठं करतात?"

वाचकहो, आजचा लेख टॉनिकवर नाही. तो तिच्या या शेवटच्या वाक्यावर आहे.

अंगणवाडी म्हणजे खिचडी नव्हे

आपल्याकडे अंगणवाडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर खिचडीचे पातेले येते. हा त्या संस्थेवर अन्याय आहे. या कल्पनेचे मूळ आपल्याच महाराष्ट्रातले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालवले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. म्हणून ती अंगणवाडी.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि हे नाव देशभर गेले. या योजनेत सहा कामे सांगितली आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणे, शाळेपूर्वीचे शिक्षण आणि आयांना आहार व आरोग्याची माहिती देणे. यातले शिकवणे हे एक काम, बाकीची पाच आमच्या, म्हणजे आरोग्याच्या खात्यातली. आपण मात्र तिची तुलना नर्सरीशी करतो आणि इंग्रजी कविता येतात की नाही एवढ्यावर निकाल लावतो.

माझ्या या छोट्या रुग्णाचे वजन अंगणवाडीत दर महिन्याला झाले असते, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच तक्त्यावरची रेघ आडवी झालेली दिसली असती. आडवी रेघ ही धोक्याची घंटा असते. तेव्हा मूल आजारी दिसत नाही, खेळत असते, आई निर्धास्त असते. मूल डोळ्यांना वाळलेले दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. शिवाय नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस, जंताची गोळी, लोहाचे औषध, आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून वर्षातून दोनदा तपासणी, हे सगळे अंगणवाडीच्या दारातूनच मुलापर्यंत पोचते. हृदयातले छिद्र, तिरळेपणा, ऐकू न येणे अशा गोष्टी या पथकाच्या नजरेत येतात. नर्सरीच्या संमेलनात त्या कुणाला दिसत नाहीत.

मी स्वतः जाऊन पाहिले

मुलाची आई जे बोलली ते मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारचा दवाखाना उघडण्याआधी मी त्यांच्या भागातली ती अंगणवाडी पाहायला गेलो. खरे सांगायचे तर पोलिओच्या रविवारखेरीज तिथे मी कधी पाऊल ठेवले नव्हते. खासगी नर्सरीच्या स्नेहसंमेलनाला मात्र प्रमुख पाहुणा म्हणून तीनदा जाऊन नारळ आणि शाल घेऊन आलो आहे. माझ्यासारख्यांच्या खुर्चीत बसण्याने लोकांना काय संदेश जातो, याचा विचार कधी केला नव्हता.

पटावर एकवीस मुले होती. सतरंजीवर सहा बसली होती. सेविकाताईंनी हिशेब लपवला नाही. नऊ जण नर्सरीत जातात, दोघे आजोळी गेले आहेत, आणि चार जण "उघडी असली तर येतात."

"उघडी असली तर म्हणजे?" मी विचारले.

"साहेब, इथल्या बाई निवृत्त झाल्या. जागा रिकामी आहे. माझी अंगणवाडी पलीकडच्या वस्तीतली, इथला जादा कार्यभार माझ्याकडे. मी तीन दिवस तिकडं, तीन दिवस इकडं. मदतनीस बाई कुलूप काढतात, पण त्यांनी आहार शिजवायचा की पोरं सांभाळायची?"

म्हणजे त्या आईने मुलाला उगाच काढले नव्हते. ती मजुरीला जाते. आठवड्यातून तीन दिवस दाराला कुलूप असेल तर पोर ठेवायचे कुठे? नर्सरी महाग होती, पण रोज उघडत होती. मी मनातल्या मनात तिला 'इंग्रजीचे वेड' असा शेरा मारून मोकळा झालो होतो. तो मागे घेतला.

पट का घटतो?

मुले कमी होण्याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत, आणि सगळीच वाईट नाहीत. पहिले म्हणजे मुळात मुलेच कमी जन्माला येत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी मुले २००५-०६ मध्ये २.१ होती, २०१५-१६ मध्ये १.९ झाली आणि २०१९-२१ मध्ये १.७. माझ्या दवाखान्यात पूर्वी पाठीला एक आणि कडेवर एक घेऊन येणाऱ्या आया आता एकाच बाळाला घेऊन येतात. आणि एकच मूल असले की त्याच्यासाठी पदरमोड करून नर्सरी परवडवली जाते.

दुसरे कारण त्या नर्सऱ्या. गल्लोगल्ली निघालेल्या आहेत, गाडी दारात येते, पोर टाय लावून जाते. तिसरे कारण काही भागांत दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. पटावरचे नाव गावात राहते आणि पोर फडावर.

चौथे कारण म्हणजे रिकामी जागा. आणि यातूनच दुष्टचक्र सुरू होते. बाई नाही म्हणून अंगणवाडी नीट उघडत नाही. उघडत नाही म्हणून मुले जातात. मुले गेली की कुणीतरी म्हणते, सहा मुलांसाठी जागा भरायची कशाला? रोग आणि लक्षण यांची अदलाबदल केली की उपचार हमखास चुकतो, हे आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले होते. इथेही तेच आहे.

सेविकेच्या पदरात काय?

एका सेविकेच्या कामाची यादी मी त्या दिवशी ऐकली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणे व गरम आहार देणे, त्याहून लहान मुलांसाठी घरी न्यायचा आहार वाटणे, वजन-उंची घेणे, गरोदर व स्तनदा मातांच्या भेटी, लसीकरणाच्या दिवशी आया गोळा करणे, सर्वेक्षण, आणि हे सगळे मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरणे. दोन अंगणवाड्या असतील तर हे सगळे दुप्पट.

एवढे करून ती कायद्याच्या भाषेत 'मानसेवी', म्हणजे पगार नव्हे, मानधन. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० आणि मदतनिसांचे ४,४२५ वरून ५,५०० करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि सुमारे पन्नास दिवस अंगणवाड्यांची दारे बंद राहिली. मानधनात नंतर आणखी भर पडली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला. हे सगळे चांगलेच झाले, पण रिकाम्या खुर्चीवर बाई बसल्याशिवाय आमच्या भागातल्या पोराचे वजन होणार नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे? २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची आणि ३५ टक्के बुटकी आढळली. रक्त कमी असलेल्यांचे प्रमाण तर ६९ टक्क्यांच्या घरात होते. ही सगळी मुले दुर्गम पाड्यांवरची नाहीत. यातली काही बूट-टाय घालून माझ्या बाकावर बसलेली असतात आणि त्यांच्या डब्यात बिस्किटांचा पुडा असतो.

आईवडिलांनी काय करावे?

वजनाचा एक सोपा ठोकताळा सांगतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलाच्या वयात चार मिळवा आणि येणाऱ्या आकड्याला दोनने गुणा. तीन वर्षांचे मूल असेल तर सात दुणे चौदा किलो, चार वर्षांचे असेल तर सोळा. एखाद-दोन किलो कमी असले तर घाबरू नये, पण दोन-तीन महिन्यांत वजन अजिबात वाढले नाही तर दाखवावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत असेल तर तो तीव्र कुपोषणाचा इशारा आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मूल नर्सरीत जात असले तरी महिन्यातून एकदा अंगणवाडीत नेऊन वजन करून घ्या. सेविका तुम्हाला परत पाठवणार नाहीत. कार्ड जपून ठेवा. पाचव्या-सहाव्या वर्षीचा त्रिगुणी लसीचा बूस्टर पुष्कळांचा राहून जातो, तोही विचारून घ्या.

टॉनिकचे पैसे वाचवा. अंगणवाडीत आहार मिळतो, पण तो पूरक आहे, घरच्या जेवणाची जागा तो घेत नाही. लहान मुलाचे पोट लहान असते, म्हणून दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे. वरणभातावर चमचाभर तेल किंवा तूप, डब्यात बिस्किटांऐवजी शेंगदाण्याचा लाडू, चालत असेल तर रोज एक अंडे, मोड आलेली मटकी, आणि पालेभाजीवर लिंबू पिळायला विसरू नये. जेवणाच्या आधी चहा नको.

आणि तिसऱ्या वर्षी पोराच्या हातात पेन्सिल कोंबू नका. त्या वयात बोटांचे स्नायू लिहिण्याजोगे तयार नसतात. माती, मणी, गाणी, गोष्टी हाच त्यांचा अभ्यास. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते सहा ही वर्षे शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरली आहेत आणि तिथे खेळालाच महत्त्व दिले आहे. सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखणारी चार वर्षांची मुले माझ्याकडे येतात. रविवारी त्यांचे पोट कधी दुखत नाही.

आपल्या अंगणवाडीत जागा रिकामी असेल तर नुसते कुरकुरत बसू नका. खेड्यात ग्रामसभेत विषय मांडा, शहरात नगरसेवकाला सांगा आणि बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी तक्रारीची फाईल होत नाही.

माझ्या त्या छोट्या रुग्णाच्या रक्तात हिमोग्लोबिन ८.४ निघाले. जंताची गोळी दिली, लोहाचे औषध सुरू केले, डब्याचे सांगितले. दोन महिन्यांनी वजन बारा किलो सातशे झाले. अजून पुष्कळ बाकी आहे. नर्सरी सुटलेली नाही, पण वजनाच्या दिवशी आई त्याला अंगणवाडीत नेते. वस्तीतल्या चौदा आयांनी मिळून जागा भरण्याचा अर्ज दिला आहे, खाली मीही सही केली आहे. पोच मिळाली, उत्तर अजून आलेले नाही.

परवा ती औषध न्यायला आली तेव्हा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बाई रोज यायला लागल्या तर मी याला परत तिथंच घालीन. नर्सरीच्या फीत अंडी येतील."

हिशेब तिचा बरोबर आहे. आता आपण सगळ्यांनी त्या अर्जाचा पाठपुरावा करायचा आहे.