शंभर किलोंचा हिशेब

लेखमाला : जुन्या स्पोर्ट्‌स कार, भाग ७

मागच्या भागात अश्वशक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराचा विचार केला. तो वाचल्यावर एक समज सहज होऊ शकतो. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांपैकी जी हलकी, कडक आणि ट्रॅकवर वेगवान, तीच रस्त्यावरही सरस ठरणार, आणि दुसरी केवळ आरामासाठी केलेली तडजोड. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत हा समज चांगलाच मुरला आहे. माझे म्हणणे असे की हलकेपणा आणि कडकपणा हे दोन स्वतंत्र गुण आहेत आणि शर्यतीसाठी घडवलेल्या आवृत्तीत ते बहुधा एकत्र येतात, म्हणून आपली गफलत होते. हलकेपणाचा फायदा ट्रॅकवर मिळतो तसा रस्त्यावरही मिळतो. कडकपणाचा फायदा मात्र मुख्यतः ट्रॅकवर मिळतो. खडबडीत रस्त्यावर तोच गाडीच्या मुळावर येतो. हे दोन गुण वेगळे करून तपासण्याची उत्तम सोय पोर्शे ९११ च्या इतिहासात आहे. तिथे आवृत्त्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिलीत फरक जवळजवळ फक्त वजनाचा, दुसरीत वजनाबरोबर सस्पेन्शनचाही.

पहिली जोडी करेरा आरएस २.७ ची. ही गाडी ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. शर्यतीत उतरण्याची मान्यता मिळवण्यासाठी कंपनीला ५०० गाड्या बनवणे भाग होते. मागणी इतकी आली की १५८० बनल्या. इंजिन २६८७ सीसीचे, २१० अश्वशक्तीचे. ग्राहकापुढे मुख्यतः दोन पर्याय होते. ‘स्पोर्ट’ आवृत्तीत मागच्या सीट, गालिचा, घड्याळ, दारावरचे हात टेकायचे भाग, इतकेच काय कोट अडकवायचे हूकसुद्धा काढून टाकले होते. ‘टुरिंग’मध्ये नेहमीच्या ९११ चा सगळा सरंजाम होता. टुरिंगचे वजन १०७५ किलो; स्पोर्टचे ९६० ते ९७५ किलोच्या दरम्यान धरले जाते. इंजिन एकच, गिअरबॉक्स तोच, चाकांची मापे तीच आणि सस्पेन्शनही मूलतः तेच. म्हणजे इथे शंभरेक किलो वजन काय करते ते जवळपास निव्वळ स्वरूपात पाहायला मिळते. कंपनीच्या आकड्यांनुसार शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला स्पोर्टला ५.८ सेकंद लागत, टुरिंगला ६.३. फरक साधारण नऊ टक्क्यांचा. आता ७५ किलोचा चालक धरून वजनांची तुलना करा: टुरिंग नऊ ते अकरा टक्क्यांनी जड भरते. हिशेब जुळतो, कारण बळ तेच असेल तर पिकअप वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. कमाल वेगात मात्र फरक किरकोळ, ताशी २४५ विरुद्ध २४० किलोमीटर. त्या वेगाला गाडीला रोखून धरते ती मुख्यतः हवा, आणि हवेला वजनाशी कर्तव्य नसते.

हा फायदा रस्त्यावरही तसाच मिळतो. घाटात ट्रकला मागे टाकताना हलकी गाडी त्याच नऊ टक्क्यांनी तत्पर असते. आणि तिच्या बैठकीत त्यासाठी फारसे काही गमवावे लागत नाही. स्प्रिंग तेच ठेवून वजन दहा टक्क्यांनी कमी केले, तर गाडीच्या उसळीची वारंवारिता वर्गमुळाच्या नियमाने पाचेक टक्केच वाढते. स्पोर्टमध्ये आवाज जास्त येतो, उकाडा जास्त होतो, पण रस्त्यावरची तिची पकड टुरिंगपेक्षा कमी होत नाही.

दुसऱ्या जोडीत चित्र बदलते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या ९६४ पिढीतली करेरा २ ही ३.६ लिटरची, २५० अश्वशक्तीची, १३५० किलोची गाडी. तिच्यापासून घडवलेली आरएस २६० अश्वशक्तीची आणि १२२० किलोची. इथपर्यंत गोष्ट १९७३ चीच वाटते. पण ही आरएस करेरा कप या शर्यतमालिकेतल्या गाड्यांच्या जवळची होती. ती सुमारे ४० मिलिमीटर खाली बसवलेली होती आणि स्प्रिंग व शॉकअॅब्सॉर्बर बरेच कडक होते. त्या काळी, विशेषतः ब्रिटनमध्ये, परीक्षकांनी तिच्या धक्क्यांबद्दल कडक शब्दांत लिहिले. पुढे त्याच गाडीची कीर्ती झाली, तेव्हा ती टीका नाजूक प्रकृतीच्या माणसांची कुरकुर म्हणून बाजूला सारली गेली. मला हे मुळीच पटत नाही. प्रश्न पाठदुखीचा नव्हता, तो पकडीचा होता.

टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या भाराबरोबर वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. भार दुप्पट झाला तर पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. त्यामुळे भार सतत वरखाली होत राहिला, तर जादा भाराच्या क्षणी जितके मिळते त्याहून जास्त भार उतरल्याच्या क्षणी जाते, आणि सरासरी पकड घटते. उंचसखल डांबरावर कडक स्प्रिंग नेमके हेच करतात. चाक रस्त्याचा चढउतार गिळत नाही, सगळी गाडीच उचलली जाते आणि टायर क्षणभर हलका पडतो. गुळगुळीत ट्रॅकवर हे चढउतार नसतात. तिथे कडक सस्पेन्शनमुळे वळणात गाडी कमी कलंडते, टायर जमिनीला नीट टेकून राहतो आणि स्टिअरिंगच्या हुकमाला गाडी लगेच वळते. म्हणजे जो गुण एका जागी पकड वाढवतो, तोच दुसऱ्या जागी ती कमी करतो. होंडाने १९९२ मध्ये एनएसएक्स-आर काढली तेव्हाही हेच दोन बदल एकत्र केले. वजन सुमारे १२० किलोंनी उतरवले, २८० अश्वशक्ती तशीच ठेवली आणि सस्पेन्शन कडक केले. तिची थोरवी मला मान्य आहे, पण त्या थोरवीतला कोणता वाटा १२० किलोंचा आणि कोणता स्प्रिंगांचा, हे विचारल्याशिवाय तिच्यावरून रस्त्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

यावर एक सबळ आक्षेप येतो. न्युर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफे हा २०.८ किलोमीटरचा ट्रॅक काही गुळगुळीत नाही; तिथे चढउतार आहेत, गाड्या हवेत उडतात. मग तिथली वेळ रस्त्याची कसोटी का मानू नये? इतर कुठल्याही ट्रॅकपेक्षा ती रस्त्याच्या जवळ जाते हे खरे. तरीही तिथे समोरून बैलगाडी किंवा बस येणार नाही याची खात्री असते आणि चालक पकडीचा शेवटचा अंश वापरतो. रस्त्यावर समंजस चालकाचा वेग ठरतो तो पुढचे किती दिसते यावर आणि अचानक खड्डा आला तर गाडी रेषेत राहील की नाही यावर. तिथे पकडीची कमाल मर्यादा कितीही मोठी असो, हाताशी उरलेली शिल्लक अधिक मोलाची.

मग मऊ आणि जड गाडीच चांगली, असेही मी म्हणणार नाही. ट्रॅकवर वजनाची किंमत प्रत्येक फेरीगणिक वाढत जाते. ताशी २०० वरून ८० किलोमीटरवर येताना १९७३ च्या टुरिंगच्या ब्रेकना स्पोर्टच्या तुलनेत दहा टक्के जास्त ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. रस्त्यावर असे ब्रेक क्वचित लागतात आणि मध्ये थंड व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर ही उष्णता साचते, पेडल मऊ पडते, टायरही तापून निसटू लागतात. दहा फेऱ्यांनंतर पडणारे अंतर पहिल्या फेरीच्या दसपटीहून मोठे असू शकते.

खरेदीदारांचे वर्तनही इथे विचारात घ्यायला हवे. स्पोर्ट पॅकेजसाठी ७०० मार्क जादा पडत, टुरिंगसाठी २५०० मार्क. तरीही १५८० पैकी १३०८ गाड्या टुरिंग होत्या आणि स्पोर्ट अवघ्या २००. त्या ग्राहकांना वेगाची पर्वा नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल; त्यांनी आरएसचेच इंजिन विकत घेतले होते. गाडी रोज रस्त्यावर चालवायची आहे हे ओळखून त्यांनी अर्धा सेकंद सोडला, आणि सस्पेन्शन तेच असल्याने पकड मात्र काहीच सोडली नाही. आज लिलावात स्पोर्टला मिळणारी अधिक किंमत तिच्या दुर्मीळपणाची आहे. आज कोणी या दोघींना समोरासमोर उभे करून पाहणार असेल, तर आधी दोन्हींचे टायर एकाच जातीचे आणि एकाच वयाचे आहेत ना, सस्पेन्शनचे रबरी बुश बदलले आहेत ना, हे तपासावे. पन्नास वर्षांच्या रबराने टुरिंग आणि स्पोर्टमधला नऊ टक्क्यांचा फरक सहज पुसला जातो.