विद्यार्थ्यांचे ज्ञानकोशलेखन

अमेरिकेतील काही महाविद्यालयांत पुराजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांस, निबंधाऐवजी, विकिपीडिया या आंतरजालावरील ज्ञानकोशासाठी एखाद्या लुप्त प्राण्यावर लेख लिहावयास देतात. निबंध एकटे गुरुजी वाचतात व तो रद्दीत जातो; हा लेख मात्र कोणीही वाचू शकतो आणि चूक आढळल्यास दुरुस्तही करू शकतो. प्रत्येक विधानास प्रसिद्ध ग्रंथाचा अथवा शोधनिबंधाचा आधार द्यावा लागतो. उतारा जसाच्या तसा उतरविलेला चालत नाही. (मार्गदर्शिकेतून उत्तरे उतरविणारी आपली मुले येथे आठवतातच!)

हे काम वाटते तितके सोपे नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावी सापडलेल्या शाकाहारी डायनासोरचेच पाहा. १९९७ साली त्यास ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टी’ हे नाव मिळाले. २००३ साली संशोधकांनी तो निराळ्या प्रजातीचा ठरवून ‘इसिसॉरस’ म्हटले. एकच जुने पुस्तक पाहणारा विद्यार्थी येथे फसेल. दोन्ही नावे सालांसह देणे त्यास प्राप्त आहे.

आपल्या शाळेत संगणक नसला तरी अडत नाही. सातवीच्या मुलांकडून गावच्या विहिरीविषयी पाच वाक्ये लिहवून घ्यावीत आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘हे कोठून कळले?’ याचे उत्तर लिहावयास सांगावे.